सैतानाच्या पायऱ्या

शनिवार, दिवे लावून झाल्यावर

आज लय मजा आली, अन् आता जीव टांगणीले लागला. माही नात रेणू ऊर्जानगरहून चामोर्शीले आली, मैत्रीण स्वातीले घेऊन. त्यायनं मले फाशांच्या खेळात घेतलं. स्वाती गोष्ट सांगते, आपण त्यातलं मानूस व्हायचं. मी म्हातारीच झाली. तिचा नवरा म्हणून रेणूनं तिच्या आबाजीचंच, माह्या गेलेल्या मालकाचंच, नाव लिवलं. मी हासली. तिथंच चुकलं.

खेळात सैतानायच्या राजाच्या दारावर एक बारका सैतान होता. त्याच्यावर रेणू तलवार घेऊन धावली. म्हटलं, थांब, अंगात आलेल्याले आपण आधी विचारतो. "का गा, तू कोनाचा?"

स्वाती म्हणे, "आजी, हे कोणीच विचारलं नव्हतं." मंग तिनं लपवलेलं सांगितलं. सैतान पयले मानसंच होते. आपल्या मानसाचं नाव शेवटचं घ्यायचं अन् त्याले विसरायचं, का एक पायरी वर. त्यायचा राजा सगळ्यायले विसरला, म्हणून सगळ्यात वर.

त्याच राजानं रेणूले पकडलं. उद्या मी पायरी चढून तिले सोडवलं नाई तर तिचं खेळातलं मानूस मेलं. कॉलेजात गेल्यापासून तेच मानूस जपून राह्यली ते. पोरगी जेवली नाई.

"घे ना आबाजीचं नाव," म्हणे. "ते कुठी ऐकून राह्यले?"

उखाण्याशिवाय कधी घेतलं नाई मी. अन् घेऊन विसरायचं?

आता सैपाकघरात एकटीनं नाव म्हणून पाह्यलं. तोंडातून "अहो" एवढंच निघालं. तेवढ्यानं पायरी चढते का, उद्या स्वातीले विचारीन. नाई म्हणाली तर माह्याजवळ दुसरं काही नाई.