वळण झाकणारी फांदी

मला पुरणाऱ्या माझ्या लाडक्या नासीफ,

(आईचा आशीर्वाद आहे हा: मी आधी जावं, आणि मला माती द्यायला तू मागे असावंस. मॉन्ट्रियलच्या बर्फात कान गोठले नसतील तर ओळखीचा वाटेल.) वदादताईचे दोन्ही गालांवर मिळून तीन मुके. तुझी कंबर कशी आहे? भावजयीचा रक्तदाब? माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं ठणठणीत.

आता कामाचं. तू फोनवर म्हणालास, ‘या उन्हाळ्यात यायचं बघू.’ मी लगेच गच्चीत जाऊन पाहिलं, तर तुतीची फांदी अशी फोफावलेली की वळणावरची गाडीच दिसेना. (छाटायचं काम तुझं होतं. एकोणीस वर्षं झाली, मी काही बोलले का?) आपला जनरेटरवाला तन्नूस म्हणाला, दहा मिनिटांत तोडून देतो. पण त्याच्या उपकाराखाली बसण्यापेक्षा फांदीखाली बसलेलं बरं. म्हटलं, आपलीच एक चेनसॉ घ्यावी, हलकी आणि परवडेल अशी.

फाएझच्या दुकानात पेट्रोलची मशीन उचलून पाहिली, तर तीच मला घेऊन खाली बसली. मग विजेची घेतली. स्वस्त आणि दिसायला नवरीसारखी. घरी येऊन बटण दाबलं मात्र, फांदी राहिली जागेवर आणि घरातली वीज गुल. मी तन्नूसच्या जनरेटरवरून विकत घेते पाच अँपिअर वीज, आणि या बयेला लागतात नऊ! तिसऱ्यांदा वीज गेली तसा तन्नूस दारात हजर. ‘वदाद, झाड कापतेस की माझा गळा?’

फाएझने कुरकुरत ती परत घेतली आणि बॅटरीवाली छोटी माझ्या गळ्यात मारली. ‘मावशी, साखळीला तेल पाजत जा,’ म्हणाला. आपल्या घरात तेल म्हणजे एकच. यंदाचं, पहिल्या घाण्याचं जैतुनाचं तेल भरलं. मशीन सुरू होताच अंगणभर न्याहारीचा वास! मशीन कशी चालते ते बघायला आलेल्या फाएझने कपाळावर हात मारला. ‘अहो, ते भाकरीला लावायचं तेल! उद्या मशीन कांदा मागेल.’

पण चालली हो, झकास चालली. तुला हसवायला लिहिलं. वेळेवर जेवत जा.

तुझी,
वदाद

ता. क. : फांदी पडली. वळण आता लख्ख दिसतं. रविवारी सकाळपासून कॉफी घेऊन बसले होते. भाजीवाला आला, पाद्रीबाबा आले, तन्नूस तर उगीचच दोनदा आला.

ता. क. दुसरा : खरं सांगू? फांदी होती तेव्हा गाडीचा आवाज आला की वाटायचं, पानांआड तू असशील. गाडी दारावरून पुढे जाईपर्यंत तरी तू आलेला असायचास. आता लांबूनच दिसतं की तू नाहीस. फार आठवण येते रे. तेव्हा एक तर तुती पिकायच्या आत ये, नाहीतर फांदी लवकर वाढायला झाडाला काय घालतात ते तिकडे कुणाला तरी विचारून कळव. तेल घालून पाहिलंय.