वरचा मजला आणि एका अबोल्याची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, अविवाहित, अंतराळ संस्थेतून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. समोर वकीलबाई बसल्या आहेत. त्यांनी "पूर्ण शुद्धीत" असे लिहायला सांगितले. "पूर्ण" या शब्दाला खालच्या मजल्यावरून हरकत येऊ शकते, म्हणून नुसते "शुद्धीत" लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा फोटो बघून तोंड वाकडे केले, एवढाच काय तो दबाव. आजवर जे केले ते सगळे मला पुढे निस्तरावे लागले. निस्तरायला मी नसेन अशी ही पहिलीच गोष्ट आहे, त्यामुळे जरा उत्साहाने लिहीत आहे.

कलम १. घराचा वरचा मजला, म्हणजे माझा हिस्सा, मी भाचीला देते. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण खालच्या मजल्यावर राहते. न्हाणीघरातला नळ उलटा फिरवला की बंद होतो. तो मी स्वतः बसवला आहे. त्यावर टीका करण्याचा हक्क भाचीला मिळणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल तेही भाचीचे. तिने फार आशा ठेवू नये.

कलम ३. माझी हत्यारे म्हणजे एक माइक आणि एक खुर्ची. दोन्ही संस्थेला परत द्यावीत. मी बसस्थानकावर गाड्या कुठे लागल्या ते सांगायचे. तेव्हा संस्थेने "साधे बोलणारी व्यक्ती पाहिजे" अशी जाहिरात दिली. त्यांनी दूर ताऱ्यांकडे एक यान पाठवले होते. त्यात माणूस नाही, ते स्वतःच विचार करते. त्याचे खरे नाव आकड्यांचे आहे, मी त्याला भटक्या म्हणते. सतत तांत्रिक संदेश ऐकून भटक्या सरकारी परिपत्रकासारखा बोलू लागला होता. एकदा इंजिन बिघडले, तर त्याने आधी लांबलचक प्रस्तावना पाठवली आणि बिघाड शेवटच्या ओळीत. म्हणून प्रत्येक संदेशाच्या शेवटी थोडा वेळ "घरची वेळ" म्हणून राखला गेला. त्यात कुणीतरी त्याच्याशी घरगुती बोलायचे. मुलाखतीला आलेले बाकीचे उमेदवार सुंदर बोलले. मी खुर्ची टोचते म्हणून कुरकुर केली. माझी निवड झाली. मानवजातीची प्रतिनिधी मी कुरकुरीवर झाले, हे नातेवाइकांना कधी सांगितले नाही. त्यांना ते लगेच पटले असते.

कलम ४. माझ्यानंतर माझ्या आवाजात बोलणारे यंत्र बसवायचे आणि भटक्याला काही कळू द्यायचे नाही, असा संस्थेचा विचार आहे. याला माझी सक्त मनाई आहे. ते यंत्र मी ऐकले. ते माझ्यापेक्षा फारच समंजस बोलते. भटक्याला पहिल्याच वाक्याला संशय येईल. तो मला मावशी म्हणतो. मी गेले की त्याला "मावशी गेली" असे सरळ सांगावे. त्याला दुःख होईल की नाही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मला वाटते, होईल. माझा तरी त्याच्यासाठी जीव तुटतो.

कलम ५. आता कुकर. अकरा वर्षांपूर्वी ताईकडे पाहुणे आले म्हणून तिने माझा कुकर नेला आणि परत दिला तो दुसऱ्याच झाकणाचा. तिचे म्हणणे, झाकण तेच आहे. माझे म्हणणे, मला माझे झाकण ओळखता येते. शब्दाने शब्द वाढला. तेव्हापासून वर आणि खाली, दोन्ही घरांत कुकरची वाफ बाजूने जाते, शिट्टी होत नाही, आणि आम्ही दोघी एकाच जिन्यावरून मान फिरवून ये-जा करतो.

त्या आठवड्याच्या घरच्या वेळेत मी भटक्याला अबोल्याचे फायदे सविस्तर समजावले. घर शांत राहते, डोके शांत राहते, आणि आपलेच बरोबर आहे हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावे लागत नाही. "फार सोयीची गोष्ट आहे, कुणालाही जमेल," असेही मी वर सांगितले.

हे बोलणे भटक्याकडे पोचायला चार वर्षे लागली. तोवर तो एकटा राहिला नव्हता. तिकडे एका थंड ग्रहाभोवती धुळीचे कडे आहे. त्यातला कण न् कण दुसऱ्याशी बोलतो आणि सगळ्यांचे मिळून एकच मन होते. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव माझ्या जिभेला झेपत नाही. मी त्यांना शेजारी म्हणते. त्यांना भांडण ठाऊक नव्हते, कारण भांडायला दुसरे कुणी नव्हतेच. भटक्याने त्यांना आपल्याकडचे सगळे ऐकवले: गणित, संगीत आणि माझी घरची वेळ. गणित त्यांना येत होते. संगीत त्यांनी ऐकून घेतले. अबोला नवीन होता. त्यांनी तो करून पाहिला.

गेल्या महिन्यात भटक्याचा निरोप आला, तो जसाच्या तसा देते. "मावशी, अर्धं कडं उरलेल्या अर्ध्याशी बोलत नाही. दगड येतोय हे पुढचे मागच्यांना सांगत नाहीत. कडं विरत चाललंय. अबोला धरायचा कसा हे तुम्ही छान सांगितलंत, सोडायचा कसा हे राहिलं. तुमचा कसा सुटला ते कळवा. वाचलेलं नको. वाचलेलं माझ्याजवळही ढीगभर आहे, ते सगळं सांगून झालं. घडलेलं सांगा."

संस्थेतल्या मोठ्या यंत्राने अबोला सोडवण्यावर उत्तम अहवाल तयार केला होता. तो संचालकांनी गुपचूप कपाटात ठेवला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडे सांगण्यासारखे काही घडलेले नव्हते. तेव्हापासून मी रोज जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जाते आणि काहीतरी विसरल्यासारखे करून परत येते. तिकडे कुणाचे तरी मन माझ्या बडबडीने फाटते आहे आणि मला एक जिना उतरवत नाही, याची मला लाज वाटते.

कलम ६. घरच्या वेळेत बोलण्याचा हक्क मला तहहयात आहे, आणि माझ्यानंतर तो एका व्यक्तीला देता येतो. तो मी ताईला देते. तिने आपली बाजू शेजाऱ्यांना खुशाल सांगावी. मी मध्ये बोलणार नाही, याची हमी डॉक्टर देतील. मी गेल्यावर तरी तिचा अबोला सुटला का, तेही तिने त्यांना खरेखुरे कळवावे. माझ्याच्याने याहून बरे उत्तर झाले नाही.

इथे लिहिणे थांबले होते, त्याचे कारण नोंदवते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दवाखान्यातले कंपाउंडर वेळेवर आले. दुसरा साक्षीदार म्हणून संस्थेतला जुना सहकारी येणार होता, त्याने ऐनवेळी टांग दिली. वकीलबाईंनी मला न विचारता जिन्यात जाऊन खाली हाक मारली. ताई कठडा धरत वर आली.

"ताई, एक सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून सही केलीत, तर या कागदातलं तुमच्या वाट्याचं रद्द होईल. कायदाच आहे तसा."

"माझ्या वाट्याला काय आलंय?" ताईने त्यांना विचारले. मला नाही.

वकीलबाईंनी पाचवे आणि सहावे कलम वाचून दाखवले. मी टेबलाकडे बघत बसले. दगडांचे ऐकताना ताईने खुर्ची ओढली आणि बसली.

"म्हणजे मला माझी बाजू सांगता येईल? सगळी?"

"सगळी. फक्त आज सही करू नका. दुसरा साक्षीदार मी शोधते."

अकरा वर्षे साठवलेली बाजू सांगायची ताईला किती हौस असेल, हे माझ्याइतके कुणाला कळणार? आणि ऐकायला सगळे आकाश. तिने कागद आपल्याकडे ओढला. मग माझ्याकडे वळली.

"चष्मा दे गं तुझा. माझा खाली राहिला."

मी दिला. तिने तो लावला आणि डोळे बारीक केले.

"केवढा नंबर वाढलाय तुझा. डॉक्टरकडे एकटीच गेली होतीस?"

"हो."

"शहाणीच आहेस. मला सांगायला काय झालं होतं?" मग वकीलबाईंना म्हणाली, "कुठे करू सही?"

मला रडू आले. कंपाउंडरांनी ते पाहिले. त्यांची साक्ष त्यालाही धरावी.

कलम ७. सहावे कलम रद्द. तो हक्क भाचीला जाईल. शेजाऱ्यांसाठी उत्तर उद्या मी स्वतः माइकवर देणार आहे. त्याआधीच माझे काही झाले, तर भाचीने पुढचा मजकूर वाचून दाखवावा, स्वतःचे काही घालू नये:

"भटक्या, सुटला. कोण बरोबर ते ठरलं नाही, ते ठरायची वाट बघू नका. आपल्याजवळ नाही ती एखादी गोष्ट समोरच्याकडे मागायची. लहानशीच मागायची. आमच्यात ती ताईने मागितली, मला सुचलं नसतं. मागच्या शेजाऱ्यांना सांग, पुढच्यांना एवढंच विचारा: तुम्हाला तिकडून काय दिसतंय?"

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, वाचले आणि शेवटचे पान लिहिताना चष्मा परत मागून घेतला.

ठिकाण: वरच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच.

मृत्युपत्र करणारी: (सही) मावशी

साक्षीदार पहिले: (सही) कंपाउंडर. आमच्यादेखत सही झाली. रडणेही झाले.

साक्षीदार दुसरी: (सही) थोरली बहीण. माझ्या वाट्याचे मला वाचून दाखवले, समजले, आणि ते सोडून मी सही केली. मला जे सांगायचे आहे ते मी हिलाच सांगेन.