पाच फुटांची दोरी

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझा जुना कॅमेरा आणि एक दोरी पाठवत आहे. कॅमेरा नाजूक आहे, दोरी नाही. तुझा धसमुसळेपणा ठाऊक असल्यामुळे नियम लिहून देतो.

आईला सकाळी दहाला तुझ्या खोलीच्या खिडकीत बसव. ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. या कॅमेऱ्याला अंतर आपणच सांगावं लागतं. मी ते पाच फुटांवर लावून ठेवलं आहे, त्याला हात लावू नकोस. दोरीचं एक टोक आईने नाकाला धरावं, दुसरं तू कॅमेऱ्याला टेकव. दोरी ताठ झाली की पाच फूट. मग ती खाली सोड, कोपरं बरगड्यांना चिकटव, श्वास रोख आणि बटण दाब.

खिडकीचा एक गज फोटोच्या डाव्या कडेला आला पाहिजे. तो उभा आला की कॅमेरा सरळ धरला होता असं समजायचं. आम्ही मोजणीवाले ओळंब्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. बटण दाबण्याआधी कडा बघ. मधलं माणूस सगळ्यांनाच दिसतं, फोटो बिघडतो तो कडांना.

महिन्याला आईचा एक फोटो. बाराच्या रोलमधले उरलेले अकरा तुझे. रोल न धुता पाठव, इथे न्हाणीघरात मीच धुतो. रविवार आमच्या फोटोवाल्या मंडळींच्या फेरीत जातो हे तुला माहीत आहे. महिन्याला एक फोटो म्हणजे मी येऊन भेटल्यासारखंच.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
ओळंबा


९ फेब्रुवारी

चि. ओळंब्यास,
अनेक आशीर्वाद.

रोल पाठवला आहे. आई म्हणाली, मी तुम्हाला कधी दाव्याला बांधलं नाही, आणि म्हातारपणी तुम्ही मला बांधता. मग नाकाला दोरी धरून परीक्षेला बसल्यासारखी बसली. तुझं नाव तिनेच ठेवलं. लोकांच्या घरी जाऊन तू भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचास. आता भोग, असं मी तिला सुनावलं.

उरलेल्या फोटोंत माझं बांधणीचं टेबल, सरसाचं भांडं आणि पाठ तुटलेल्या पुस्तकांची चळत आहे. हसू नकोस. ग्रंथालयात याहून देखणं काही नाही.

एप्रिलमध्ये आईला न्यायला कोणत्या तारखेला येतोस ते कळव. सहा महिने माझे, सहा तुझे, असं तूच सुचवलं होतंस. एप्रिलपासून मला सकाळची पाळी आहे. आठला घर सोडायचं, दोनला परत. आईला विचारलं तर म्हणते, माझा फोटो धुवून झाला की तो येईल.

मायेला उशीर करू नये.

तुझी,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

फेब्रुवारी आणि मार्चचे दोन्ही रोल धुतले, आईच्या दोन्ही फोटोंचे प्रिंट सोबत आहेत. पहिला उत्तम. तुझ्या सरसाच्या भांड्याचं आमच्या मंडळींत कौतुक झालं. एकजण म्हणाला, ताईंना घ्या आणि तुम्ही घरी बसा.

मार्चच्या फोटोत मात्र आईची मान डावीकडे कलली आहे. एकतर तू दोरी ओढतेस, नाहीतर कॅमेरा तिरका धरतेस. प्रिंट काढताना मी कागद जरा फिरवला आणि तिला सरळ केलं. दर वेळी हे करायला लावू नकोस.

गेल्या रविवारी आम्ही कालव्याच्या दारांपाशी होतो, त्याआधीच्या रविवारी मालगाड्यांच्या यार्डात. एक युक्ती सांगतो. डबकं दिसलं की उभ्याने फोटो घेऊ नये. गुडघ्यावर बसावं. खाली बसलं की हातभर डबक्यात सगळं आभाळ मावतं. माझ्या पँटचे गुडघे त्यापायी गेले.

एप्रिलचं जमत नाही. मागची खोली ओलीमुळे रंगवायला काढली आहे, शिवाय जूनमध्ये मंडळींचं प्रदर्शन आहे. ते उरकलं की नक्की. तोवर लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
ओळंबा


१४ मे

चि. ओळंब्यास,
आशीर्वाद.

मी दोरी ओढत नाही. कॅमेराही तिरका धरत नाही. या वेळी आईच्या डाव्या अंगाखाली टॉवेलची घडी दिली, म्हणजे तुझी सोय होईल.

प्रिंटवर गज का दिसत नाही? एवढे नियम लिहिलेस म्हणून मी तो दर वेळी जीव मुठीत धरून कडेला बसवते.

आईला डावीकडून हाक मारली तर ती ओ देत नाही. मला वाटलं रुसली. मी दोन दिवस अबोला धरला आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. परवा हातातला पेला सुटला. म्हातारपण, दुसरं काय. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. मुलं वाढतात तीसुद्धा पाहुण्यांनाच दिसतात. म्हणून तुला विचारते, फोटोत ती कशी वाटते?

आठ ते दोन मी तिला बाहेरून कडी लावून जाते. शेजारीण विचारत होती, मुलगा कुठे असतो. म्हटलं, डबक्याशी गुडघे टेकून.

येण्याची तारीख लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई


३० जून

ती. ताईस,
शि. सा. न.

प्रदर्शन पार पडलं. आईचे पाचही महिन्यांचे फोटो मी एका ओळीत लावले होते. कालवा आणि यार्ड लोकांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले, आणि आईसमोर थांबले. एक गृहस्थ म्हणाले, पाच महिन्यांत चेहऱ्यात तसूभर फरक नाही, कमाल आहे. एका बाईंनी विचारलं, या कुठे असतात. मी म्हटलं, घरीच.

तू विचारलंस म्हणून सांगतो, फोटोत ती छान वाटते. गज मी प्रिंटमधून कापतो. नजर विनाकारण तिकडे जाते. डाव्या डोळ्यावर सावली येते, तेवढा भाग हाताने उजळून घेतो. आईच्या डाव्या हाताला पांढरी चादर टांगत जा, उजेड उलटून येईल. आणि पुढच्या वेळी तिला हसायला सांग, पण दोन्ही बाजूंनी. मेमध्ये ती अर्ध्याच तोंडाने हसली आहे, जशी माझ्यावर हसायची; तो कोपरा मला प्रिंटवर ब्रशने सावरावा लागला.

मागच्या खोलीचा रंग अजून वाळत नाही. ऑक्टोबर धरून चाल. रागाने का होईना, आठवण ठेव.

तुझा,
ओळंबा


२ सप्टेंबर

चि. ओळंब्यास,

गुरुवारी दोनला कडी काढली तर आई दाराशी पडलेली होती. कधीपासून, ते तिला सांगता येत नव्हतं. शब्द येतात, पण चुकीचे येतात. रुग्णालयात डोक्याचा फोटो काढला. डाव्या कानामागे आत गाठ आहे, लिंबाएवढी.

डॉक्टरांनी विचारलं, चेहरा कधीपासून ओढला आहे. मी तुझे पाचही प्रिंट पुढे केले; जूननंतर रागाने मी रोल पाठवलेच नव्हते. मोठ्या तोऱ्यात केले, भावाने काढलेत म्हणून. त्यांनी ते टेबलावर ओळीने मांडले, तुझ्या प्रदर्शनात होते तसे. म्हणाले, जूनपर्यंत तर चेहरा अगदी सरळ आहे. म्हणजे सगळं दोन महिन्यांत झालं. इतक्या झपाट्याने वाढणारी गाठ कापण्यात अर्थ नसतो. हळूहळू वाढलेली असती तर वेगळा विचार करता आला असता.

मी म्हटलं, माझ्या भावाने हे थोडे सरळ केले आहेत. थोडे म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. म्हणाले, निगेटिव्ह मागवून घ्या.

सगळ्या निगेटिव्ह पाठव, न कापता. आजच पाठव.

ताई


६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

निगेटिव्ह सोबत आहेत. बोटांचे ठसे उमटतात, कडेने धरायला सांग.

मी प्रिंट काढतो ते माणूस चांगलं दिसावं म्हणून. डॉक्टर त्यावरून निदान करतील हे मला कसं ठाऊक असणार. मला खरंच वाटलं की कॅमेरा तिरका आहे. रोज तिच्यासोबत तू होतीस, आणि मी इथे दिव्याखाली एवढासा चौकोन बघत होतो. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही.

मागची खोली आता कोरडी आहे. येत्या रविवारी मंडळींना नाही म्हणून सांगितलं आहे. दहाच्या आत पोहोचतो. या वेळी फोटो दोघं मिळून घेऊ, दोरीचं दुसरं टोक मी धरीन. लोभ मागायची आता हिंमत नाही, तरी मागतो.

ओळंबा


९ सप्टेंबर

ओळंब्या,

निगेटिव्ह मिळाल्या. डॉक्टरांनी त्या उजेडाच्या पेटीवर ठेवल्या आणि मला जवळ बोलावलं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, तरी सगळं दिसत होतं. फेब्रुवारीत आई सरळ. मार्चमध्ये मान कललेली. एप्रिलमध्ये पापणी उतरलेली. मेमध्ये तोंडाचा कोपरा. जूनमध्ये मी टॉवेलाच्या दोन घड्या दिल्या होत्या, तरी ती डावीकडे वाहून गेल्यासारखी.

आणि प्रत्येक फोटोत, डाव्या कडेला, गज. अगदी उभा. पाचही महिने मी कॅमेरा सरळ धरला होता.

आईला सरळ करायचं तर गज तिरका होतो. म्हणून तू तो कापलास. तुझ्या नजरेतून ते सुटलं असेल असं मी मानत नाही. तू कडा आधी बघतोस. मार्चमध्ये तुला दिसलं, आणि दिसलं असं म्हटलं असतंस तर एप्रिलमध्ये यावं लागलं असतं.

मी रोज बघत होते आणि मला कळलं नाही, हेही खरं आहे. ते माझं मी बघेन. पण मी तुला विचारलं होतं. मेमध्ये, लेखी.

डॉक्टर म्हणाले, गाठ हळूहळूच वाढली. मार्चमध्ये काढता आली असती. आता ती नसांत गुंतली आहे, ते हात लावणार नाहीत.

कालच आईला घरी आणलं. आज सकाळी दहाला ती आपणहून खिडकीत जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला. दोरी दिल्यावर तिने टोक नाकाशी नेलं, ते गालाला लागलं, आणि ती तशीच स्थिर बसली. कॅमेरा मी कालच तुझ्या पत्त्यावर टपालात टाकला होता. हे तिला सांगून कळलं नसतं.

दुसरं टोक धरायला तू येतोस असं लिहिलं आहेस. ते मी गजाला बांधून टाकलं आहे.

ताई