तिसरा गिअर

रविवार, संध्याकाळ. पांढरकवडा.

आज जुनी स्पोर्ट्स कार पाहाले गेलतो. विकणारे काका बाजूच्या सीटवर बसले. पोरगा वारल्यापासून त्याची ही गाडी उभीच होती म्हणे. मी गिअर कसे पडतात तेच पाहून राह्यलो होतो. दुसऱ्यातून तिसरा इतका अलगद पडला, की वाटलं कोणी माझ्या हातावर हात ठेवला. गिअरचा नॉब एका बाजूनं झिजला होता, त्या पोराच्याच तळव्यानं. हायवेवर पुन्हा तिसरा टाकला. तसाच पडला. काकांनी डोळे मिटले.

"पोरगा घराकडं वळताना तिसरा टाके, तवा गाडीचा असाच आवाज यायचा."

मी गाडी मागं वळवली अन् नको म्हटलं. गाडी चांगली हाय, मंग मी नाही काहून म्हटलं?

उतरताना काका म्हणाले, "घेऊ नको बाबा. पण उद्या चालवाले येशीन का?"