आवणीला आबा आले नाहीत

मंगळवार, सांज. सुरत.

आत्ताच आईचा फोन ठेवला. आज गावी, भाज्यात, आमच्या भाताची रोपं लावायची आवणी, आणि इर्जिकीला हातभार लावायला कुणीच आलं नाही. शेजारचे किसनआबासुद्धा नाहीत. दरसाल ते आमच्या खाचरात राबतात, आम्ही त्यांच्या. पण लोकसभेचा निकाल लागल्यापासून गाव दुभंगलंय. मतमोजणीत गडबड झाली म्हणून माझा दादा हायवे अडवायला बसला. आबांचा पक्ष जिंकलेला. पारावर ते म्हणाले, "हरला की मोजनी खोटी व्हय रं?" दादा सगळ्यांदेखत त्यांना "तुमी इकलं गेलाय" म्हणाला. त्या म्हाताऱ्याला.

आईनं इर्जिकीसाठी पातेलंभर आमटी केलेली. वाट बघून दुपारी तिनं त्यातली डबाभर आबांकडं धाडली.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, मूठभर तांदूळ तरी घालावेत, हे मी आबांच्याच घरात शिकलो. आज डबा भरलेलाच परत आला. आमटी तशीच.

निकालाचं खरंखोटं मला सुरतेत बसून काय कळणार? पण ती आमटी डोक्यातनं जात नाही.

"मग काय केलंस तिचं?" मी विचारलं.

"तापवून ठिवली," आई म्हणाली. "उद्या बी आवनीच हाय. आबा आलंच, तर लागंल की."