बाहीवरचा खिसा

९ फेब्रुवारी १९३७

कापड कमी पडलं! धानोऱ्याच्या प्रमिलाबाईंचं पोलकं, मापं घेतलेली, अंग कापून झालेलं, आणि बाह्या भरेनात. एवढंसंच कमी, पण कमी ते कमी. उद्या न्यायला येणार. शेवटी लाल उरल्यासुरल्या कापडाची पट्टी काढली, नागमोडी कापली आणि दोन्ही बाह्यांना खाली जोडली. आता रागावल्या तर रागावल्या.

१० फेब्रुवारी

रागावल्या नाहीत. आरशासमोरून हलेनातच! ‘हाई नवीन काढं का वं निर्मला?’ मी म्हटलं, हो. काय सांगणार, कापड कमी पडलं?

२१ फेब्रुवारी

नागमोडी बाहीचीच पोलकी शिवतेय. यांनी गठ्ठा बांधून गाडीने खांडबाऱ्याच्या बाजारात नेला. रिकाम्या हाताने आले आणि येताना माझ्यासाठी गूळशेंगदाणे! हे दारात गठ्ठ्याची चादर झटकत होते आणि गुणगुणत होते. लग्नाला सहा वर्षं झाली, यांना गुणगुणता येतं हे मला माहीत नव्हतं.

२ मार्च

हे बाजारातून रागाने लाल होऊन आले. आपल्या नंदुरबारच्या स्टेशनरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात, काचेच्या कपाटात, माझं पोलकं टांगलंय! तीच लाल पट्टी, तीच नागमोड. वर कागद — ‘खास मुंबईची फॅशन’.

‘तुन्ही फॅशन त्यास्नी उचली लिधी! मी जास नि त्या सेठले इचारस!’

मी म्हटलं, काय विचारणार? नागमोडीवर माझं नाव लिहिलंय का?

३ मार्च

पदर पुढे ओढून स्वतः जाऊन पाहून आले. टाके माझ्यापेक्षा बारीक. कबूल!

चोर पण सापडला. दुकानाचा टेलर मास्तर नवलसिंग. मागच्या बाजारात त्याने यांच्याकडून एक पोलकं घेतलं होतं, ‘मन्ही बायकोकरता’ म्हणून. अहो, त्याची बायको जाऊन किती वर्षं झाली! सगळ्या नंदुरबारला ठाऊक, फक्त यांनाच नाही.

७ मार्च

शेजारची आज शिवायला कापड घेऊन आली. भिंतीवरचं पोलकं पाहून म्हणाली, ‘तू बी मुंबईनी फॅशन कराले लागनी का? दुकानमा देखीसन शिवं ना?’

माझंच मी चोरलं म्हणे! ती गेल्यावर रडले. थोडंच. मग भाकरी टाकल्या.

११ मार्च

मजा करायची ठरवली आहे. पोलक्याच्या डाव्या बाहीवर एक खिसा लावला. बाहीवर! कुठल्याही कामाचा नाही, जेमतेम दोन बोटं मावतील एवढा, दिसायला येडपट. हे म्हणाले, ‘डोकं फिरनं का?’ मी म्हटलं, बाजारात तुमच्याकडचं पोलकं मागायला नवलसिंग आला की हेच द्या.

१३ मार्च

तो घरीच आला. सरळ. उंच माणूस, दारात वाकून उभा. खिसा उलटसुलट पाहिला.

‘बाहीवर खिसा कसाले?’

मी तोंड गंभीर करून म्हटलं, ‘मुंबईत सगळ्या बायका असंच घालतात.’

पैसे टाकून तो पोलकं घेऊन गेला, आणि मी आत येऊन तोंडात पदर कोंबला.

२० मार्च

टांगलं!! काचेत! ओळीने पाच, पाचांनाही बाहीवर खिसा! हे आणि मी रस्त्यात उभं राहून हसलो. लोक आमच्याकडे बघत होते.

२४ मार्च

होळीचा बाजार म्हणून यांच्याबरोबर मीही खांडबाऱ्याला गेले. हसू पार जिरलं.

फुलीबाई नावाची एक बाई, सुरतेकडच्या कामावरून होळीला परतलेली, नंदुरबारहून बाजार करून गाडीने स्टेशनात उतरली. अंगात दुकानातलं खिशाचं पोलकं. उजव्या हाताची दोन बोटं बाहीवरच्या खिशात घातली आणि रेल्वेचं तिकीट काढून स्टेशनमास्तरांना दिलं! पुठ्ठ्याचं तिकीट नेमकं मावतं. दोन्ही कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडं. कनवटी सोडायची नाही, चंची शोधायची नाही. तिच्याबरोबरच्या बाया थेट आमच्या चादरीपाशी आल्या. खिसा पाहिजे. आमच्याकडे एकही नाही!

परत गाडीत बसताना हे म्हणाले, ‘आते?’

आता काय? आता मी त्या दुकानाची नक्कल करणार. माझ्याच थट्टेची.

८ एप्रिल

खिसेच खिसे. नवलसिंग आज दोऱ्याच्या दुकानात भेटला. मी मान वळवली. तो मागून म्हणाला, ‘खिसा दोन बोटं वर ले, बहीन. कोपर वाकना का तिकीट मोडस.’

घरी येऊन करून पाहिलं. बरोबर आहे. मेला!

मग नमुन्याला दुकानातून आणलेल्या पोलक्यावरचा त्याचा खिसा नीट उसवून बघितला. आतून दुहेरी शिवण. कोणी न बघणाऱ्या जागी! असं शिवणाऱ्या माणसाला चोर म्हणायला जीभ जरा अडखळते. तरी चोरच.

२८ एप्रिल

आखाजी जवळ आली. माहेरी येणाऱ्या लेकींची पोलकी शिवायचे हेच दिवस. आणि आज स्टेशनवर मोठमोठे गठ्ठे उतरले. सेठने आमचं पोलकं मुंबईच्या कारखान्यात पाठवलं होतं. तयार माल आला. लाल नागमोड, बाहीवर खिसा, आणि गळ्याच्या आत कारखान्याचा छाप. मला नुसतं कापड पडतं त्याहून स्वस्त.

खिसा मात्र कोपरावर. तिकीट मोडणार.

१ मे

प्रमिलाबाई कापड परत घेऊन गेल्या. नजरेला नजर दिली नाही. ‘पोरी सासरहून येणार, त्यास्ले तयारच जोयजे,’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा काय दोष!

हे जेवले नाहीत. मीही नाही.

४ मे

मशीनला तेल घातलं. शिवायला काही नाही.

६ मे

सकाळी दारात हातगाडी. गाडीवर पायाची शिलाई मशीन, गाडीला धरून नवलसिंग. दाढी वाढलेली.

‘सेठनी बठ्ठ्या मशीना इकी टाक्यात. माल मुंबईथीन येस, आमनं काय काम? ही मन्ही सोतानी शे.’ मग मशीनवरची धूळ हाताने पुसली. ‘बहीन, तू काप. मी शिवस. खिसा दोन बोटं वर.’

मी यांच्याकडे पाहिलं. हे उठले, कोपऱ्यातला माठ उचलून ओसरीत ठेवला, आणि मशीनची दुसरी बाजू धरायला बाहेर गेले.