खंडेनवमीला उघडलेला मॅग्नेटो

प्रिय दादा,

“जुन्या रेसिंग मोटारसायकली जपणाऱ्या मुळशीकरांनो, आपल्यातला एक माणूस गेला की मागोमाग त्याची गाडीही मारली जाते!” आज तुझ्या शोकसभेत मी अशी सुरुवात केली. समोर तुझे सगळे गाडीवाले बसलेत. पण पुढं त्यांना वाचून दाखवतेय ते हे पत्र तुला आहे, कारण माझा पहिला राग तुझ्यावर आहे.

तू गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. भरे गावातल्या तुझ्या शेडमध्ये तुझ्या सचिननं पाटावर हत्यारं मांडली. सोबत तुझ्या गाडीचा मॅग्नेटोही मांडला! बॅटरीशिवाय, इंजिनाबरोबर फिरून ठिणगी पाडणारा, फक्त शर्यतीसाठी बनवलेला. तसा दुसरा आता शोधूनही सापडत नाही. पोरानं तो उघडला, आतला फिरता भाग बाहेर काढून चकाचक घासला, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

दसऱ्याला सगळं जोडून किक मारली. ठिणगीच नाही.

“आत्या, पूजेसाठीच काढला व्हता की गं! त्यात काय चुकलं?”

काय चुकलं? आतला भाग काढला की चुंबकाची दोन्ही टोकं लोखंडी पट्टीनं लगेच जोडायची असतात, नाहीतर चुंबक क्षीण होतो. तू दरवेळी जोडायचास. का जोडतोस, ते त्याला एकदा तरी सांगितलंस? मी विचारलं तर म्हणालास, “तू आपली माइकवर भाषणं कर. हितं नाक खुपसू नको.” कुणापासून जपत होतास रे? पोटच्या पोरापासून?

ही पट्टीची गोष्ट मला कळली ती तुझ्या शर्यतीतल्या जोडीदाराकडून. वर हसून म्हणाला, “एवढं बी ठाव न्हाई व्हय?” नाही ठाऊक! तुम्ही सांगितलंत कधी? ढाब्यावर बसून कुणी कुणाला मागं टाकलं ते रात्रभर सांगाल. कामाचं मात्र गिळून बसता आणि मग पोरांना अडाणी म्हणता!

आता सचिन म्हणतो, “बॅटरी टाकू की, लई सोपंय. लोकांना आवाजच ऐकायचाय.” बॅटरी बसवायला फ्रेमला भोकं पाडणार. ज्या फ्रेमवर तू दोनदा हाड मोडून घेतलंस, तिला ड्रिल! वहिनीही त्याला अडवत नाही. तिला वाटतं, गाडी निदान चालू तरी होईल. तिच्यावर कशी चिडू?

तू असतास तर आधी त्याला शिव्या घातल्या असत्यास, मग रात्रभर झोपला नसतास. तेव्हा तरी शिकवलं असतंस का? खरं सांग.

दादा, तुला शब्द देते. त्या फ्रेमला ड्रिल लागू देणार नाही. चुंबकात पुन्हा जोर भरता येतो. तो भरून घेईन, आणि जोडणी सचिनच्याच हातानं होईल.

आणि समोर बसलेल्यांनो, माना काय हलवताय? येत्या रविवारी सकाळी आपापला मॅग्नेटो घेऊन भरे गावातल्या शेडवर या आणि सचिनसमोर तो उघडून दाखवा.

तुझ्यावर अजून चिडलेली,
शकू